नेगेले आणि पांढरी चिंधी

हेर नेगेले, म्हणजे जर्मन पद्धतीनं श्रीयुत नेगेले, यांच्याकडे जिना पुसायचा वार ठरलेला होता आणि बंदूक साफ करायचा ठरलेला नव्हता. त्यांचा भाडेकरू म्हणून मी पाच वर्षं त्यांच्या डोक्यावर राहिलो, म्हणजे वरच्या मजल्यावर. त्या पाच वर्षांत माणूस बराच कळला, पण ही एक गोष्ट काही केल्या डोक्यात शिरेना. जिना स्वच्छ असला तरी तो शनिवारी पुसलाच पाहिजे, आणि बंदुकीच्या नळीत वर्षभराची काजळी बसली असली तरी तिला हात लावायचा नाही, हा कुठला न्याय?

गेर्लिंगेनच्या वरच्या अंगाला, जिथं घरं संपून झाडी सुरू होते तिथं त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते एकटे, वर मी, बायको मृणाल आणि आमची मुलगी ईरा. श्टुटगार्टच्या या भागात केअरवोखे नावाचं एक व्रत पाळतात. एक आठवडा जिना, अंगण आणि समोरचा फुटपाथ आपण झाडायचा, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बिऱ्हाडानं. ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते. एकदा आम्ही तीन आठवडे भारतात राहून परतलो, तर पाटी आमच्या दारावर हजर. मी म्हणालो, अहो, आम्ही इथं नव्हतोच, जिन्यावर आमचं पाऊलसुद्धा पडलेलं नाही. नेगेले शांतपणे म्हणाले, "जिना घाण झाला आहे का, हा प्रश्नच नाही, हेर शिंदे. शनिवार आहे का, हा प्रश्न आहे."

उंच, किंचित वाकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं त्सुफेनहाउझेनला एका लहानशा कारखान्यात टूलमेकर होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी उटे हॅनोव्हरला राहायची आणि दर रविवारी फोनवर दोन गोष्टी सांगायची : पप्पा, जेवण वेळेवर करा, आणि पप्पा, आता ती शिकार बंद करा. पहिली गोष्ट ते ऐकायचे.

शिकार हा त्यांच्या लेखी शौक नव्हता. घरामागच्या टेकडीपलीकडे जंगलाचा एक तुकडा त्यांनी आणखी दोघांबरोबर भाड्यानं घेतला होता. तिथं किती हरणं राहू द्यायची आणि किती मारायची, हे सरकारशी बोलून ठरायचं. मारली नाहीत तर कोवळी रोपं शिल्लक राहत नाहीत, शेतकरी ओरडतो. आम्ही घरात अंडंसुद्धा दबकत खाणारी माणसं. मला हे सगळं चमत्कारिक वाटायचं. पण तळघरात लोखंडी कपाटातून ते बंदूक बाहेर काढायचे तेव्हा मी आपोआप तिथं पोचलेलो असायचो, कारण ती एक उत्तम बनवलेली वस्तू होती आणि मी शेवटी इंजिनिअर.

माझं कामच स्वच्छतेचं. आमच्या कंपनीत इंधनाच्या पंपाचे सुटे भाग होतात, आणि त्या भागांवर धूळ राहिली आहे का हे मी मायक्रोस्कोपखाली बघतो. केसाहून बारीक कण सापडला तरी अख्खी पेटी परत जाते. असा मी पहिल्यांदा त्यांच्या तळघरात उतरलो तेव्हा सहज विचारलं, ही तुम्ही दर शनिवारी साफ करता की दर महिन्याला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू देवघरात चपला घालून आलो आहे.

"बाहेरून रोज," ते म्हणाले. "आतून, ती मागेल तेव्हा."

ती कशी मागते हे शिकायला मला दोन हिवाळे लागले. शिकवणी अशी : ते तळघरातल्या बाकावर बसणार, बंदुकीचा बोल्ट, ज्याच्याशिवाय ती उडतच नाही तो, काढून स्वतःच्या खिशात ठेवणार, आणि मी समोरच्या स्टुलावर बसून बघणार. बंदूक माझ्या ताब्यात देणं कायद्यात बसत नव्हतं आणि नेगेले कायद्याच्या बाहेर पाय ठेवणाऱ्यांतले नव्हते. पावसातून आले की लगेच बाहेरचं लोखंड कोरडं करायचं, तेलाचं बोट फिरवायचं. थंडीतून उबेत आणल्यावर घाम फुटतो तो सुकेपर्यंत कपाट बंद करायचं नाही. उभी करून ठेवायची ती तोंड खाली करून, म्हणजे तेल उतरून लाकडी दस्त्यात मुरत नाही. नळीत गज घालायचा तो नेहमी मागच्या बाजूनं. तोंडाकडून घातला तर तिथली कड झिजते आणि कड झिजली की बंदूक संपली. हे सगळं मला पटायचं. अशा सूचना मीही ऑफिसात लिहितो.

गोंधळ व्हायचा तो पुढे. नळीच्या आत बारीक आटे असतात. गोळी जाताना त्यांत काजळी आणि तांब्याचा पातळ थर बसतो. तो थर, नेगेले यांच्या म्हणण्याप्रमाणे, राहू द्यायचा. निशाणावर गोळ्या पांगायला लागल्या की समजायचं, आता ती मागते आहे. मग औषध लावून, पितळी ब्रश फिरवून, चिंध्यांनी नळी पुसायची. तेव्हासुद्धा चिंधी करडी येऊ लागली की थांबायचं. मी म्हणालो, पांढरी येईपर्यंत का नाही? ते म्हणाले, "पांढरी चिंधी ही पुसणाऱ्याची हौस असते. नळीची नसते."

आणि साफ केल्यावर तडक शिकारीला तर मुळीच जायचं नाही. आधी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, जाऊन कागदी निशाणावर दोन गोळ्या झाडायच्या. कारण तेल लागलेल्या, धुतलेल्या नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाते. कधी दोन बोटं, कधी वीतभर. "धुतलेली नळी पहिल्या गोळीला खोटं बोलते," हे त्यांचं आवडतं वाक्य. मी दिवसभर ज्या घाणीशी भांडतो, तिच्याच भरवशावर हा माणूस नेम धरतो, हे पचवायला मला जड गेलं. घरी येऊन मी मृणालला समजावून सांगायचो आणि समजावता समजावता मलाच कळेनासं व्हायचं. ती म्हणायची, लोखंडी तव्याचं असंच असतं, घासून लख्ख केला की पहिलं धिरडं चिकटतं. हे मी नेगेले यांना सांगितलं. ते म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. तुमच्या बायकोला बंदूक कळते."

त्यांची एक प्रतिज्ञा होती. ती त्यांनी उटेला फोनवर सांगितली तेव्हा मी तिथंच होतो. "ज्या दिवशी माझी गोळी लागूनही जनावर जखमी होऊन पळेल, त्या दिवशी मी बंदूक दुसऱ्याच्या हातात देईन. तू सांगायची गरज पडणार नाही." डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, उजवा हात सकाळी कधी कधी थरथरायचा. पण अजून एकही गोळी वाया गेली नव्हती. शिकारीचं लायसन वसंतात नवं करायचं होतं आणि त्याचा फॉर्म त्यांनी पाच महिने आधीच आणून स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चिकटवला होता. जाता येता ते त्याच्याकडे बघायचे. जंगलातलं ते शिकारीचं मचाण गेलं असतं तर त्यांच्या दिवसात जिन्याखेरीज काही उरलं नसतं, हे मला दिसत होतं.

त्या वर्षी नवरात्रात अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत त्यांचं लहानसं लेथचं वर्कशॉप, यंत्रमागांचे सुटे भाग करून द्यायचं. वय पंचाहत्तर, तरी रोज दोन तास लेथवर उभे राहायचे. जर्मनीत येऊन त्यांना करमेना. ईरा त्यांच्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आम्ही दोघं ऑफिसात. चौथ्या दिवशी ते खाली तळघरात सापडले. नेगेले आणि ते एका जुन्या ग्राइंडरवर वाकले होते. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता. एक जण स्क्रू दाखवायचा, दुसरा मान हलवायचा. मला नेगेले यांनी पाच वर्षांत 'हेर शिंदे'च्या पुढे येऊ दिलं नव्हतं, अण्णांच्या खांद्यावर मात्र चौथ्या दिवशी हात. अण्णा त्यांना साहेब म्हणायचे. "साहेबाचा हात बघ कसा हाय," मला म्हणाले, "कानशीला जोर लावत न्हाई, नुसता नेतो."

खंडेनवमी जवळ आली. आमच्या वर्कशॉपात त्या दिवशी सगळी यंत्रं बंद. आदल्या संध्याकाळपासून पाने, कॅलिपर, चक, एकूण एक हत्यार रॉकेलनं धुऊन लख्ख करायचं, मग हळदकुंकू, झेंडूचं फूल. इथं माझ्याकडे पूजेला काय होतं? एक पेचकस, एक लॅपटॉप. अण्णांना ते अपुरं वाटलं. ते म्हणाले, साहेबांना विचार, त्यांची बंदूक आणतील का. घरात खरं हत्यार असताना त्याला पूजा नाही म्हणजे बरं नव्हे.

मी विचारलं. नेगेले यांनी मला दोनदा सांगायला लावलं. वर्षातून एक दिवस माणसं आपल्या अवजारांचे आभार मानतात, हे ऐकून त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले की चाळीस वर्षं त्यांनी कारखान्यात काम केलं आणि हे एकदाही कुणाला सुचलं नाही. मंगळवारी संध्याकाळी ते कोट घालून, बोल्ट खिशात ठेवून, बंदूक दोन हातांवर घेऊन जिना चढून आले.

अण्णांनी ती बघितली, नळीला मागून डोळा लावला आणि माझ्याकडे वळले. "आत काळी हाय की रं. हत्यार मळकं ठेवून पूजा कशी चालंल?"

मी नेगेले यांना सांगितलं. ते खाली जाऊन साफसफाईची पेटी घेऊन आले, बंदूक बगलेतच. शेजारी खुर्ची ओढून बसले आणि अण्णांना गज मागून कसा घालायचा ते दाखवलं. कायद्यात हे कितपत बसलं असेल देव जाणे. पण त्यांचा एक हात सबंध वेळ बंदुकीच्या दस्त्यावर होता. अण्णांनी औषध लावलं, दहा मिनिटं थांबले, ब्रश फिरवला. पहिल्या चिंध्या काळ्या आल्या, मग निळसर हिरव्या, मग करड्या. करडी आल्यावर नेगेले हळूच म्हणाले, "आल्झो, बरं, आता पुरे."

हे मी अण्णांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आज कितीही आठवलं तरी तेव्हा मनात नक्की काय होतं ते सापडत नाही. अण्णांचा चेहरा आल्यापासून पहिल्यांदा एवढा फुलला होता, ते एक. आणि खरं सांगायचं तर दोन हिवाळे मी त्या पांढऱ्या चिंधीसाठी झुरलो होतो. मला ती बघायची होती. ईरा जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, ते पुरे म्हणाले." मी तिला म्हटलं, आजोबांना काम करू दे. नेगेले यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे, आणि मोकळा हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आणखी वीसेक चिंध्या गेल्या. शेवटची दुधासारखी पांढरी आली. अण्णांनी ती उजेडाकडे धरून सगळ्यांना दाखवली, मग नळीला आतून तेलाचा हात दिला. पूजा झाली. मृणालनं श्रीखंड वाढलं. उठताना नेगेले मला म्हणाले, गुरुवारी रेंजवर जाऊन दोन गोळ्या झाडतो, म्हणजे सगळं जागेवर येईल. मी निर्धास्त झालो.

शुक्रवारी अण्णांचं विमान होतं. त्यांना सोडून आलो. शनिवारी संध्याकाळी शेतकऱ्याचा फोन आला म्हणून नेगेले टेकडीवर गेले. रविवारी सकाळी साडेसहाला त्यांनी आमची बेल वाजवली. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या गळ्याचं बटण उघडं होतं. म्हणाले, "मला जंगलात सोडाल का? आज माझा हात स्टिअरिंगवर नको."

गाडीत त्यांनी सांगितलं. एक तरुण नर उजेडात, नीट आडवा उभा होता. गोळी लागली आणि तो पळाला. वीतभर मागे लागली असणार. तिथं लागलं तर जनावर मरतं, पण तासन् तास. अंधारात माग काढता येत नाही म्हणून ते घरी येऊन खुर्चीवर बसून राहिले होते.

रक्ताचा माग काढणारा कुत्रा घेऊन एक फॉरेस्टर आला होता. आम्ही दोन तास चाललो. पानांवर कुठं एखादा थेंब, कुठं काहीच नाही. शेवटी काटेरी जाळीत कुत्रा थांबला. ते हरीण जिवंत होतं. फॉरेस्टरनं आपल्या बंदुकीनं ते संपवलं. नेगेले यांनी हॅट काढली, ओकची एक डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवली. हा इथला रिवाज आहे, जनावराचा शेवटचा घास. आपल्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीचं पान घालतात, ते मला आठवलं. परतताना ते एवढंच म्हणाले, "मी सांगितलं होतं." घरी गेल्यावर फ्रिजवरचा फॉर्म काढून त्यांनी चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

मला रात्रभर झोप लागली नाही. वीतभर मागे! हेच तर त्यांनी मला शिकवलं होतं. पण त्यांनी गुरुवारी दोन गोळ्या झाडल्या असतील तर नळी खोटं बोलणारच नाही. आणि झाडल्या नसतील तर? ते विसरले असतील का? एवढा काटेकोर माणूस विसरला, तर मग उटेचंच खरं. सोमवारी ऑफिसातून आल्या आल्या मी खाली गेलो आणि सगळं बोलून टाकलं : तुम्ही पुरे म्हणालात ते मी अण्णांना सांगितलं नाही, नळी गरजेपेक्षा जास्त साफ झाली, दोष तिचा आहे, तुमचा नाही, तुम्ही बंदूक सोडू नका.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "गुरुवारी मी रेंजवर गेलो होतो," ते म्हणाले. "दोन गोळ्या. दोन्ही जिथं हव्या तिथं. नळी निर्दोष आहे, हेर शिंदे. हात म्हातारा झाला."

मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. एका माणसाचं सगळं संपत होतं आणि मी जिना चढताना हलका झालो होतो.

फेब्रुवारीत बंदुकीला गिऱ्हाईक आलं. फ्राऊ केलर, चाळिशीची, घोड्यांची डॉक्टर, नव्यानंच शिकारी झालेली. विक्रीच्या फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचायला नेगेले यांनी मला बोलावून घेतलं होतं. बाईंनी बंदूक नीट पाहिली, कागद तपासले, किंमत ठरली. मग कुणीही जाणकार विचारेल तो प्रश्न त्यांनी विचारला : शेवटची साफ केल्यापासून हिच्यातून किती गोळ्या गेल्या आहेत?

मी मनात तीन म्हटलं. गुरुवारच्या दोन, शनिवारची एक.

नेगेले यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंकडे बघून म्हणाले, "एक."

बाई म्हणाल्या, मग मी आधी रेंजवर नेते. ते म्हणाले, जरूर न्या. बाकीचं बोलणं माझ्या कानांवरून गेलं. त्यांना मला खोटं सांगता आलं होतं. पण जी बाई उद्या त्याच बंदुकीनं जनावरावर नेम धरणार तिला खोटं सांगणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

वर जाऊन मी अण्णांना फोन लावला. काही कळू न देता विचारलं, निघायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, तुम्ही काय केलंत? अण्णा खुशीत आले. साहेबांबरोबर दिवसभर तळघरात होतो म्हणाले. सकाळी साहेबांनी कुठंतरी जायला पिशवी भरून दाराशी ठेवली होती, पण ग्राइंडर सुरू होता होता राहिला, मग साहेबांनी खुणेनंच विचारलं की उद्या जाणार ना तू, आणि पिशवी आत नेऊन ठेवली. संध्याकाळी ग्राइंडर फिरला. "लहान पोरावानी टाळ्या वाजवल्या बघ साहेबानं," अण्णा म्हणाले.

म्हणजे विसरले नव्हते. पाहुण्याचा शेवटचा दिवस म्हणून रेंज सोडली होती. शनिवारी शेतकऱ्याचा फोन आला तेव्हा नळीतल्या तेलाचा विचार मनात आला नसेल का? आला असणार. मग का गेले? की खरंच आला नाही? मी खाली जाऊन त्यांच्यासमोर बसलो. बंदूक गेली होती, कपाटाचं दार उघडं होतं. मी म्हटलं, गुरुवारी तुम्ही रेंजवर गेलाच नव्हता.

"नाही."

"मग मला दोन गोळ्या का सांगितल्यात?"

ते बराच वेळ हाताचा पंजा उघडत मिटत राहिले. "तुम्ही घरी फोन करून वडिलांना सांगितलं असतं. आज ना उद्या सांगितलंच असतं. म्हाताऱ्या कारागिराला एकदा कळलं ना, की आपल्या हातानं कुणाचं तरी बिघडलं, की पुढच्या खेपेला हत्यार उचलताना तो जरासा थांबतो. आणि एकदा थांबला की संपलं. हे मला चांगलं माहीत आहे."

मी म्हणालो, पण मग दोष नळीचा होता. तुम्हाला सोडायचं कारणच नव्हतं. आता तिच्यातून एक गोळी गेली आहे, आता ती खरं बोलेल, अजूनही बाईंकडून एक दिवस मागून घ्या आणि निशाणावर मारून बघा.

"ऑक्टोबरपासून बंदूक माझ्याच कपाटात होती, हेर शिंदे, आणि रेंज दर आठवड्याला उघडी होती. मी एकदाही गेलो नाही." त्यांनी हात लांबवून कपाटाचं दार लावलं. "रेंजवर गोळी बरोबर लागली असती तर त्या दिवशीची चूक तुमच्या वडिलांची. चुकली असती तर माझी. मला दोन्हीतलं एकही नको होतं."

अण्णांसाठी त्यांनी एवढं सोडलं, की स्वतःच्या हाताची परीक्षा टाळायला त्यांना अण्णांचं निमित्त झालं? एखाद्या दिवशी मला पहिलं वाटतं आणि त्यांचे पाय धरावेसे वाटतात. एखाद्या दिवशी दुसरं वाटतं, आणि तेव्हा ते जास्त जवळचे वाटतात. कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. माझ्या मायक्रोस्कोपखाली कण सापडला की तो कुठून आला हे शोधता येतं, अहवाल लिहिता येतो. इथं माणूस समोर बसून स्वतःच्या तोंडानं कारण सांगत होता आणि तरी मला ते धरता येत नव्हतं.

एप्रिलमध्ये उटे येऊन त्यांना हॅनोव्हरला घेऊन गेली. निघायच्या आधीच्या शनिवारी पाळी आमची होती, तरी जिना त्यांनी पुसला. माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा, ग्राइंडर सोबत नेतो आहे. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. उटेनं काळ्या कडेचं कार्ड पाठवलं.

अण्णांना मी फोनवर कळवलं. अजूनही ते रोज लेथवर उभे राहतात, आता तासभरच. वर्कशॉपात येणाऱ्या जाणाऱ्याला जर्मनीतल्या साहेबाची बंदूक आपण कशी आरशासारखी केली, ते सांगतात. त्यांनी विचारलं, "बंदूक कुणी नेली?" मी सांगितलं, घोड्यांच्या डॉक्टर आहेत एक, चांगली जपतील.

"आणि साहेब? साहेब शेवटपर्यंत शिकारीला जात होते न्हवं?"

मागं लेथचा आवाज येत होता. मी म्हणालो, "हो अण्णा. शेवटपर्यंत."